पावणेदोन किलोची लेक घरी येते

आमच्या लेकीचं नशीब तिच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी मी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि तेही पेपर तपासायच्या लाल पेनाने. आईने सांगितलं होतं तेवढंच केलं असतं तर निभावलं असतं. पण सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करायची मला लहानपणापासून खोड आहे.

लेक दोन महिने आधीच आली होती. वजन सव्वा किलो. मी बनारसच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, विज्ञान शिकवत होतो, आणि आमच्या प्रयोगशाळेतली पितळी वजनांची पेटी तिच्यापेक्षा जड होती. तिला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेलं, बायको ऑपरेशनचे टाके सांभाळत खालच्या मजल्यावर, आणि घरी मी आणि आई. सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, तेव्हा आईने तिन्हीसांजेला पूजा मांडली. पाट, दिवा, हळदकुंकू, एक कोरा कागद, लिहायला पेन, आणि शेजारी रिकामा पाळणा. सगळं मांडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच मटकन बसली.

"अरे, पण ती येणार इथे, आणि बाळ तर तिथे. तिला कळणार कसं?"

विज्ञानाच्या शिक्षकाने यावर काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "थांब, पत्ता लिहून ठेवतो."

आणि ती फुलं आणायला आत गेली तेवढ्यात पाटावरच्या कागदावर मी सुवाच्य अक्षरात इस्पितळाचं नाव, नवजात विभाग, दुसरा मजला, डावीकडून तिसरी पेटी, असं सगळं लिहून काढलं. खाली एक सूचनाही लिहिली: लिफ्ट बंद आहे, जिन्याने यावे.

आईने चष्मा लावून कागद वाचला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हा कागद कशाला ठेवतात, ठाऊक आहे?"

"सटवाईने नशीब लिहावं म्हणून."

"मग कोरा का ठेवतात?"

मी लाल पेनाला टोपण लावलं.

"तिच्या नशिबात इस्पितळातली तिसरी पेटी लिहून मोकळा झालास तू," आई म्हणाली. कागदावर हळदकुंकू वाहून झालं होतं, त्यामुळे तो फाडताही येईना. शेवटी मी आतून एक कोरा ताव आणला, आणि परीक्षेत मुलांना जोडतो तशी सटवाईला पुरवणी जोडून दिली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे सांगून सगळ्यांना हसवलं. पण खरं सांगायचं तर पुढचे चार आठवडे इस्पितळाचा जिना चढताना दरवेळी मला तो कागद आठवायचा. त्या खोलीत पाच पेट्या होत्या. पहिल्या पेटीतलं बाळ घरी गेलं. पाचव्यातलंही गेलं. चौथी एका सकाळी रिकामी दिसली, आणि सिस्टरने तिच्यावर पांढरी चादर टाकली होती. आमची मात्र तिसऱ्यातच. आठवड्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढायची, सर्दी झाली की त्यातले साठ परत द्यायची.

त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची यादी करायला बसलो तर आधी बायकोच्या शेजारच्या खाटेवरची बाई येईल. चंदौलीकडची होती. बायकोला ताप भरला तेव्हा तीन दिवस आमच्या लेकीला तिचं दूध मिळालं. मी आभार मानायला गेलो तर डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून म्हणाली, "एमें का बा, मास्टर साहब. हमरे त बहुत उतरत बा." त्यात काय मोठं, दूध तर खूप उतरतंय, असं तिचं म्हणणं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पाचवा आठवडा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. बाई कमी बोलायच्या. म्हणाल्या, वजन पावणेदोन किलो झालं की घरी न्या. पण खोली उबदार हवी, धूर अजिबात नको, आणि गर्दी तर नकोच नको. मी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "हीटर है?"

"है."

"और बिजली?"

मी खिडकीबाहेरच्या तारांकडे पाहिलं. बनारसच्या पूस महिन्यात, पौषाच्या कडाक्यात, बिजलीबद्दल छातीठोक बोलणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"बिजली जाएगी तो बच्ची को नंगे सीने से लगाकर रखना होगा," बाई म्हणाल्या. "माँ अकेली दिन-रात नहीं कर सकती. घर में और कौन है?"

"मेरी माँ. लेकिन दमे की मरीज़ हैं."

"और?"

"और..." मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. "और मैं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर बसणारा पोरगा 'सर, यंदा पहिला येणार' म्हणतो तेव्हा मी ज्या नजरेने बघतो, तीच नजर. "ठीक है," त्या म्हणाल्या. "सिस्टर आपको सिखाएँगी. वो कहेंगी कि आप सँभाल लेंगे, तब छुट्टी. नहीं तो अभी यहीं."

म्हणजे लेकीने वजन वाढवून तिची बाजू सांभाळायची, आणि बापाने त्याची. बायकोला सांगायला गेलो. महिनाभर ती खालच्या मजल्यावरच्या बायकांच्या खोलीत एका लोखंडी खाटेवर होती. दर दोन तासांनी वाटीत दूध काढायचं, ती वाटी झाकून जिना चढायचा, चमच्याने थेंब थेंब पाजायचं, खाली यायचं, की पुढची वेळ झालेली.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाली.

"मीच."

"अहो, तुम्हाला मच्छरदाणी तरी नीट खोचता येते का?"

"शिकेन."

"शिका," ती म्हणाली. "मला घरी जायचंय. तिला घेऊन जायचंय. वरून रिकाम्या हाताने खाली उतरणाऱ्या बायका मी बघितल्यात."

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट शिकायला गेलो. सिस्टर केरळच्या. त्यांची हिंदी त्यांनी स्वतः बनवलेली होती, आणि तिच्यात आज्ञार्थ सोडून दुसरं काही नव्हतं. "मास्टरजी, कपड़ा उतारो."

भिंतीला टेकून तीन-चार आया आपापली बाळं छातीशी धरून बसलेल्या, त्यांच्या सासवा, एकीची नणंद. त्या सगळ्यांसमोर मी कोट काढला. मग स्वेटर. मग आतला स्वेटर. मग शर्ट, मग आतला लोकरी बनियन. नणंद म्हणाली, "अभी अउर निकली!" आणि सगळ्या पदर तोंडाला लावून खुसखुसल्या. शेवटी मी उघडा झालो, आणि सिस्टरने लेकीला अलगद माझ्या छातीवर ठेवलं.

एरवी मांजराच्या पिल्लाएवढाच आवाज काढणारी ती पोर एकदम किंचाळली.

सिस्टरने तिला झटक्यात उचललं. "ये क्या है?"

जानव्याला बांधलेली किल्ली. आमच्या घराण्याची सवय ही. आजोबांच्या जानव्याला देवघराची असायची, वडिलांच्या जानव्याला ट्रंकेची, आणि माझ्या जानव्याला कॉलेजच्या कपाटाची. पितळी, बोटभर लांब, आणि पूस महिन्यात बर्फासारखी. मी तिच्यासकट आंघोळ करत होतो, झोपत होतो. ती आपल्या अंगावर आहे हे मला आठवतसुद्धा नसे.

"चाबी है," मी म्हणालो.

"किसका चाबी?"

"तेज़ाब की अलमारी की."

मग मात्र कुणी पदर तोंडाला लावला नाही. एक बाई टाक्यांवर हात दाबून म्हणाली, "मास्टरजी, हँसाइए मत, टाँका टूट जाई." बायको दारात उभी होती. ती हसत नव्हती. कपाळाला हात लावून उभी होती.

किल्ली सुटली. लेक परत छातीवर आली. गळ्याच्या हाडापासून बरगड्या संपतात तिथपर्यंत, एवढीच तिची लांबी. डोकं माझ्या हनुवटीखाली, मोसंबीएवढं. सिस्टरने वरून कापड गुंडाळलं आणि नियम सांगितले: "हिलना नहीं. खाँसना नहीं. सोना नहीं."

"बोल सकता हूँ?"

"काहे को?"

 पोट भरायला मी आयुष्यभर बोलतच आलेलो. चाळीस मिनिटांचा तास, दिवसाला सहा. त्या दिवशी तासभर गप्प बसलो, आणि माझ्या छातीवर एक श्वास चालला होता, तो मोजत राहिलो. मधे मधे तो जरा अडखळायचा आणि माझाही अडखळायचा. मग तिने एक बोट हलवलं आणि माझ्या छातीवरचा एक केस धरला. धरूनच ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "छोड़ेगा नहीं." त्या लेकीबद्दल म्हणाल्या की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

घरी आई वेगळ्याच तयारीत होती. तिने गोवऱ्या आणून ठेवल्या होत्या, ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली निवडून डब्यात भरल्या होत्या. बाळाला न्हाऊ घातलं की धुरी, ही तिची ठरलेली पद्धत. शिवाय खोली गरम करायला निखाऱ्यांची मातीची बोरसी. मी चाचरत सांगितलं की डॉक्टरांनी धुराला मनाई केलीय.

"तुला दिली, तुझ्या बहिणीला दिली," आई म्हणाली. "मेलात का?"

"आई, तिचा श्वास एवढासा आहे. मी रोज मोजतो."

तिने डब्याचं झाकण लावलं. डबा पुढ्यात घेऊन बसून राहिली. मग तिला नेहमीची ढास लागली, आणि ती थांबल्यावर, डोळे पुसत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "धूर झाला की माझं काय होतं, ते मला माहीत आहे ना." संध्याकाळी बघतो तर बोरसी दूधवाल्याच्या डोक्यावर बसून गल्लीबाहेर चाललेली.

त्याऐवजी तिने ट्रंकेच्या तळातून चांदीचं बोंडलं काढून माझ्या हातात ठेवलं. बाळाला पाजायचं नळीचं भांडं ते. मी त्याच्यावर वाढलेलो. "तुझ्या त्या केरळच्या बाईला दाखव," म्हणाली. सिस्टरने ते उलटंसुलटं पाहिलं. "चमचे से अच्छा. उबालो." एवढ्या शेऱ्यावर आईचं सिस्टरबद्दल फार चांगलं मत झालं. "बाईला कळतं हो," ती गल्लीत सांगत सुटली. आणि त्याच दमात आणखी एक सांगत सुटली: नात येणार, लवकरच येणार, या सगळ्यांनी बघायला.

ते मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आमच्या गल्लीत मराठी घरं दहा-बारा. पुजाऱ्यांची, पाठशाळेतल्या गुरुजींची, एक-दोन आमच्यासारखी नोकरदार. हिंदीतून खरेदी करायची आणि मराठीतून एकमेकांच्या घरात डोकवायचं, हा पिढ्यांचा शिरस्ता. आईने चाळीस वर्षांत त्यातल्या एकाही माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवलेलं नव्हतं.

मी आतली खोली तयार करत राहिलो. खिडकीच्या फटींत जुन्या उत्तरपत्रिका कोंबल्या. प्रयोगशाळेतून तापमापक आणून खिळ्याला टांगला. तो बघायला मी इतक्यांदा आत-बाहेर केलं की दार उघडं राहून खोली आणखी गार झाली, असं आईचं म्हणणं. ते खरं असावं.

आणि एका सकाळी सिस्टर म्हणाल्या, "मास्टरजी पास." काट्यावर पावणेदोन किलो. बायकोचा विश्वास बसेना. तिने परत वजन करायला लावलं. परतही तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली. बायको सिस्टरच्या गळ्यात पडून रडली, आणि मी कुणाच्या गळ्यात पडावं हे न कळून जिन्याजवळच्या चौकीदाराशी हात मिळवला.

चौकापर्यंत रिक्षा. पुढे गल्लीत पायीच. लेक बायकोच्या शालीत छातीशी बांधलेली, मी पुढे वाट करत. अर्धी गल्ली आलो तर मागून "राम नाम सत्य है" आलं. आमच्या त्या वाटेने दिवसभर लोक तिरड्या घेऊन मणिकर्णिकेच्या घाटावर जात असतात, त्यात काही नवं नाही. पण त्या दिवशी मी बायकोला एका दुकानाच्या पायरीवर चढवलं आणि तिच्यासमोर गल्लीकडे पाठ करून उभा राहिलो. गल्ली अरुंद. तिरडी आमच्या अंगावरूनच जाणार. पुढच्या खांदेकऱ्याने बायकोच्या शालीतून डोकावणारं टोपडं पाहिलं, पाय न थांबवता विचारलं, "लइका हौ कि लइकी?"

"लइकी," मी म्हणालो.

"जुग जुग जीये!" तो म्हणाला, मागच्यानेही म्हटलं, आणि मग पुन्हा राम नाम सुरू करत सगळे पुढे गेले. आम्ही दोघं पायरीवरून उतरलो. बायकोने खाली मान घालून लेकीला सांगितलं, "बघ, किती लोक म्हणाले."

दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. डोळ्यांना पाणी लावलं, आत घेतलं. एक वाजता लेकीने बोंडल्याने दूध घेतलं. दोन वाजता बिजली गेली.

हीटरची लाल तार बघता बघता काळी झाली. तापमापकाचा पारा माझ्याच डोळ्यांसमोर उतरायला लागला. बायकोने लेकीला घ्यायला हात पुढे केले, आणि उभ्या उभ्याच तिचे डोळे मिटले.  पाच आठवडे ती बाई सलग दोन तास झोपलेली नव्हती.

"माझ्याकडे द्या," मी म्हणालो. घाबरलो की मी बायकोला अहोजाहो करतो.

"जमेल?"

"सिस्टरने पास केलंय."

"सिस्टर इथे नाहीत."

पण मी कपडे काढून भिंतीला लोड लावून बसल्यावर तिने लेकीला माझ्या छातीवर ठेवलं. मान वळवून दिली, नाक मोकळं आहे ना पाहिलं, दोनदा पाहिलं. शेजारच्या गादीवर जरा टेकते म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आत झोपली.

आई आत आली. माझ्या उघड्या खांद्यांकडे पाहिलं, बाहेर गेली आणि आपली धाबळी घेऊन आली. स्वयंपाकाला, पूजेला नेसायचं तिचं सोवळ्याचं लोकरी वस्त्र. जन्मात तिने मला त्याला बोट लावू दिलं नव्हतं. लहानपणी चुकून शिवलो तर ती परत आंघोळीला जायची. ती तिने आम्हा दोघांभोवती लपेटली, लेकीच्या पायापाशी नीट खोचली, आणि दाराशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने गल्लीत पावलं वाजली. चार-पाच बायका, दोन पोरं, त्यातलं एक फुरफुरत नाक ओढणारं.  डॉक्टरीणबाई डोळ्यांसमोर आल्या: गर्दी तर नकोच नको. ओरडावं तर हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि बायको झोपलेली.

"काकू, नात आली म्हणे! बघू तरी."

"आली," आई म्हणाली. उठून तिने दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "पण आत यायचं नाही कुणी. तो सोवळ्यात बसलाय."

"कोण?"

"मुलगा."

"या वेळी?"

"अनुष्ठान आहे. सव्वा महिन्याचं. तोवर त्या खोलीत शिवाशिव चालायची नाही."

बायकांनी चौकटीबाहेरून माना लांब केल्या. आतल्या अंधुक उजेडात त्यांना उघडे खांदे, जानवं आणि धाबळी एवढं दिसलं. पोराला कुणीतरी मागे खेचलं. घाटावर आंघोळीआधी उभ्याउभ्या कचौडी खाणारा मी; पण त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीने मला चक्क हात जोडले.

"एवढा कडक कधी नव्हता हो तो," त्या म्हणाल्या. "आणि बाळ कुठाय?"

"त्याच्यापाशीच आहे," आई म्हणाली.

आंगडी, टोपडी, एक खुळखुळा असं सगळं पायरीवर ठेवून त्या परत गेल्या. आई वळली. मी ओठ न हलवता कुजबुजलो, "आई, अनुष्ठान म्हणालीस तू त्यांना!"

"हलू नकोस," ती म्हणाली.

मी हललो नाही. नाकाला खाज आली, गेली. डावा पाय मुंग्यांनी भरला, मग मुंग्याही निघून गेल्या आणि पाय आहे की नाही ते कळेना. लेक एकदा जागी झाली, आईने बोंडल्याने चार घोट पाजले, आणि तिने पुन्हा माझा तो केस शोधून धरला. भिंतीवरचा पारा खाली होता. पण धाबळीच्या आतलं हवामान वेगळं होतं. त्यातलं माझं किती आणि तिचं किती, ते मला सांगता आलं नसतं.

पाच वाजता बिजली आली. हीटरने टिकटिक केलं तशी बायको दचकून उठली. केस मोकळे, डोळे अर्धवट, हात आधीच पुढे. गुडघ्यांवर सरकत जवळ आली. धाबळीत हात घालून लेकीचं डोकं चाचपलं, पाठ चाचपली, मग तिचे दोन्ही तळपाय मुठीत धरून बराच वेळ बसली. गरम होते.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाय मेले असतील ना तुमचे," म्हणाली. "आणा तिला इकडे."

मी भिंतीला धरून उठायला लागलो, तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत खाली बसवलं.

"नाही, राहू द्या," ती म्हणाली. "मी आधी बसून कपभर गरम चहा पिते."